पान थंड आहे, पण ते जास्त अन्न बनवतंय का?

भाताच्या दहा-बारा वाणांचे थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढायचे, ज्याचं पान थंड दिसेल तो वाण जास्त प्रकाशसंश्लेषण करतो असं धरायचं आणि त्यावरून वाणांची क्रमवारी लावायची. संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की ही कल्पना हमखास समोर येते. तिचं आकर्षण समजण्यासारखं आहे. प्रकाशसंश्लेषण थेट मोजायचं, तर पान आयआरजीए यंत्राच्या चिमट्यात धरून कार्बन डायऑक्साइड किती शोषला जातो ते पाहावं लागतं. एका पानाला काही मिनिटं जातात, आणि उन्हाची योग्य वेळ संपेपर्यंत जेमतेम वीस-तीस पानं होतात. थर्मल कॅमेरा मात्र एका क्षणात अख्खं खाचर टिपतो, आणि पानाला हातही लावावा लागत नाही.

आज या कल्पनेची नीट झडती घेऊ. समजा, तुमच्या प्रस्तावाचं शीर्षक असं आहे: ‘थर्मल इमेजिंगद्वारे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील भात वाणांच्या प्रकाशसंश्लेषणाची तुलना’. ऐकायला छान वाटतं. पण मार्गदर्शकांनी किंवा परीक्षकांनी यातला एकेक शब्द उचलून प्रश्न विचारले, तर काय टिकेल? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: यातलं ‘थर्मल इमेजिंग’ टिकतं, ‘प्रकाशसंश्लेषण’ टिकत नाही, आणि ‘जुन्नर व आंबेगाव’ या शब्दांमुळे सगळ्या योजनेची खरी परीक्षा होते.

कॅमेरा नेमकं काय मोजतो

थर्मल कॅमेरा पानाच्या पृष्ठभागावरून निघणारी अवरक्त किरणं टिपतो आणि त्यावरून तापमान काढतो. बस्स, एवढंच. पुढचं सगळं आपलं अनुमान असतं. त्या अनुमानाच्या पायऱ्या एकदा मोजून घ्या.

पहिली पायरी: पान हवेपेक्षा थंड आहे, म्हणजे त्यातून जास्त पाणी बाष्प होऊन जातंय. दुसरी: जास्त पाणी जातंय, म्हणजे पर्णरंध्रं जास्त उघडी आहेत. तिसरी: रंध्रं जास्त उघडी आहेत, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त आत येतोय. चौथी: तो जास्त येतोय, म्हणजे त्याचं जास्त अन्न बनतंय.

यातली एकही पायरी खोटी नाही. पण प्रत्येकीला ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ अशी अट आहे. पहिल्या पायरीला ऊन, वारा आणि हवेतली आर्द्रता सारखी लागते. दुसरीला पानाचा आकार, कल आणि पिकाची उंची सारखी लागते. चौथीला पानाच्या आतली यंत्रणा सारखी लागते. आणि वाणांची तुलना म्हणजे काय, तर या गोष्टी सारख्या नसलेल्या झाडांचीच तुलना.

चौथी पायरी सगळ्यात कच्ची आहे. ती कशी तुटते हे दाखवणारा एक प्रयोग प्रत्येक नव्या संशोधकाने वाचावा असा आहे. 2004 मध्ये सुझान फॉन केमरर आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल करून रुबिस्को कमी केलेली तंबाखूची झाडं तपासली. रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड पकडणारं मुख्य विकर. ते कमी केल्यावर प्रकाशसंश्लेषण घटलं, पण पर्णरंध्रांची वाहकता त्या प्रमाणात घटली नाही. निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे: रंध्रांची वाहकता आणि प्रकाशसंश्लेषणाची क्षमता यांचा सहसंबंध दिसत नाही. आता अशी कल्पना करा, की ती झाडं आणि साधी झाडं शेजारी ठेवून कोणी थर्मल फोटो काढला. दोन्हींची रंध्रं सारखीच उघडी, म्हणजे दोन्हींचं तापमानही जवळपास सारखंच दिसेल. अन्न बनवण्यात मोठा फरक, आणि चित्रात मात्र जवळजवळ काहीच नाही.

भातातलं उदाहरण हवं असेल तर जपानमधला ताकानारी हा वाण घ्या. तोशियुकी ताकाई आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याच्या जास्त प्रकाशसंश्लेषणामागचा एक जनुक दाखवला. या जनुकाच्या ताकानारीतल्या रूपामुळे पानात हरित पेशी जास्त तयार होतात आणि पान जाड होतं. थर्मल कॅमेरा पानाची जाडी मोजत नाही. जाड पानाच्या आत जास्त कारखाने चालू आहेत, हे बाहेरून कपाळाला हात लावून कळणार नाही.

मग हे तंत्र वाया गेलेलं आहे का?

मुळीच नाही. प्रश्न रंध्रांचा असेल तर हे तंत्र उत्तम आहे. 2002 मध्ये सिल्व्हाँ मेर्लो आणि सहकाऱ्यांनी अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात नेमका असा वापर केला. पाण्याचा ताण पडल्यावर ज्या रोपांची रंध्रं मिटत नाहीत ती रोपं थंड राहतात. असंख्य रोपांतून अशी ‘थंड’ रोपं कॅमेऱ्याने वेचून त्यांनी रंध्रं मिटवण्याच्या प्रक्रियेतला दोष शोधला. इथे प्रश्न आणि मोजमाप एकमेकांना चपखल बसले होते.

‘थंड पान बरं’ या समजुतीला बळ देणारं महत्त्वाचं काम गव्हाचं आहे. टोनी फिशर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मेक्सिकोच्या वायव्येला, 1962 ते 1988 या काळात आलेले आठ बुटके वाण तपासले. नवनव्या वाणांत उत्पादन वाढत गेलं, तशी रंध्रांची वाहकता आणि प्रकाशसंश्लेषणही वाढलं आणि पीक थंड होत गेलं. हा निबंध वारंवार उद्धृत होतो. पण वाचताना दोन गोष्टी अधोरेखित करा. एक, त्यांनी प्रकाशसंश्लेषण स्वतंत्रपणे मोजलं होतं. तापमानावरून गृहीत धरलं नव्हतं. दोन, ते गहू सिंचनाखालचे होते, आणि तिथली हवा कोरडी, आभाळ मोकळं. तिथला निष्कर्ष उचलून थेट आहुपे खोऱ्यातल्या पावसाळी खाचरात ठेवता येत नाही.

भातावरचा जवळचा निबंध ताकाई, यानो आणि यामामोतो यांचा, 2010 चा. त्याच्या शीर्षकाकडे बघा. भाताच्या वाणांतला ‘पर्णरंध्रांच्या वाहकतेतला’ फरक तापमानावरून अंदाजता येतो, असं ते म्हणतात. ‘प्रकाशसंश्लेषणातला’ असं म्हणत नाहीत. हा शब्दांचा कीस नाही, शिस्त आहे. जिथपर्यंत पुरावा तिथपर्यंतच शीर्षक. दुर्दैवाने अशा निबंधाचा हवाला देताना पुढचे लोक एक पायरी गाळतात आणि ‘तापमानावरून प्रकाशसंश्लेषण कळतं’ असं लिहून मोकळे होतात. त्या वाक्याचा हवाला तिसरा देतो, आणि काही वर्षांत ते सर्वमान्य वाटू लागतं. तुमच्या साहित्य-आढाव्यात असं वाक्य आलं, तर मूळ निबंध उघडून नक्की काय मोजलं होतं ते तपासा.

याच निबंधाच्या शीर्षकात ‘निरभ्र आणि ढगाळ दिवशी’ असेही शब्द आहेत. म्हणजे ढगाळ हवेतही हे जमतं, असा दावा आहे. मग मी पावसाळ्याची एवढी काळजी का करतेय? कारण ‘ढगाळ’ हा शब्द फार ढगळ आहे. ढग डोक्यावर असणं वेगळं आणि ढगातच उभं असणं वेगळं. नाणेघाटात किंवा भीमाशंकरला जुलैत गेलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

जुन्नर-आंबेगावची हवा

दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे बघितले तर दोन वेगळे प्रदेश वाटतात. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आणि तिथून उतरणारी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी. त्यांवर माणिकडोह, वडज आणि डिंभे ही धरणं. धरणांच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या खाचरांत पावसाच्या पाण्यावरचं भात, आणि ते लावणारी बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर समाजाची घरं. पूर्वेला नारायणगाव-मंचरच्या बाजूला पाऊस कमी, कालव्याचं पाणी, टोमॅटो, कांदा, ऊस. साठ-सत्तर किलोमीटरच्या आत हवा एवढी बदलते.

आता थोडं गणित. घाबरू नका, पानाच्या ऊर्जा-ताळेबंदाचं नेहमीचं समीकरण आहे आणि आकडे मी स्वतः मांडले आहेत. तुम्हीही मांडून बघा. दोन वाण घेऊ. एकाच्या पानाचा बाष्पाला होणारा रोध 50 सेकंद प्रति मीटर, दुसऱ्याचा 60. म्हणजे पहिल्याची रंध्र-वाहकता 20 टक्क्यांनी जास्त. वाणांतल्या फरकाच्या मानाने हा चांगला ठसठशीत फरक आहे. पानाभोवतीच्या हवेच्या थराचा रोध दोघांचा 25 धरू.

पहिली स्थिती: मोकळं ऊन, हवा 30 अंश सेल्सिअस, आर्द्रता सुमारे 53 टक्के, पानाने घेतलेली निव्वळ ऊर्जा 350 वॅट प्रति चौरस मीटर. दोन पानांच्या तापमानात फरक येतो सुमारे अर्धा अंश.

दुसरी स्थिती: ढगाळ दिवस, हवा 25 अंश, आर्द्रता 90 टक्के, ऊर्जा 80 वॅट. फरक येतो 0.1 अंश.

तिसरी: धुकं, आर्द्रता 98 टक्के, ऊर्जा 60 वॅट. फरक 0.05 अंश.

वाण तेच, रंध्रं तीच, फक्त हवा बदलली आणि फरक दहापट आकसला. हातात धरायच्या साधारण थर्मल कॅमेऱ्याची संवेदनशीलता 0.05 अंशाच्या आसपास असते आणि खऱ्या तापमानाबाबतची खात्री 2 अंश इकडे-तिकडे. म्हणजे धुक्यातला फरक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गोंगाटात बुडाला. तुम्ही फोटो काढाल, संगणक सुंदर निळे-लाल रंगही भरेल, कारण रंग भरणं हे त्याचं काम आहे. पण रंगांतला तो फरक वाणांचा असेलच असं नाही.

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे ओलं आणि कोरडं संदर्भ-पान. एका पानावर पाणी फवारायचं, म्हणजे ते पूर्ण उघड्या रंध्रांसारखं वागतं. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन चोपडायचं, म्हणजे रंध्रं बंद. आपलं पान या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं ते बघायचं. हॅमलिन जोन्स यांनी ही पद्धत चांगली रुळवली आहे आणि ती वापराच. पण वरच्याच आकड्यांनी बघितलं, तर मोकळ्या उन्हात ही दोन टोकं सुमारे 12 अंशांनी लांब असतात आणि धुक्यात जेमतेम 1 अंशाने. बारा अंशांच्या पट्टीवर अर्धा अंश वाचता येतो. एका अंशाच्या पट्टीवर काय वाचणार?

शिवाय पावसाळ्यात पान मुळातच ओलं असतं. पानावरचं पावसाचं पाणी सुकताना पान थंड होतं, आणि त्यात रंध्रांचा काही संबंध नसतो. ज्या वाणाच्या पानावर पाणी जास्त वेळ टिकतं तो कॅमेऱ्यात ‘कार्यक्षम’ दिसेल. घाटमाथ्याजवळ आवणीपासून पुढचे कित्येक आठवडे पानं कोरडी मिळणं हीच चैन असते.

‘उघडीप मिळाली की मोजू’

बरोबर, हाच पुढचा विचार. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं, ऊन कडक पडतं, तेव्हा मोजू. हवा आता साथ देते, पण पीक साथ देत नाही.

भाताचे वाण हळवे, निमगरवे आणि गरवे असतात हे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरच्या त्या मोकळ्या पंधरवड्यात हळवं भात पिकून पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि गरवं नुकतं निसवत असतं. एकाच दिवशी दोघांचा फोटो काढला, तर तुम्ही म्हाताऱ्या पानाची तरुण पानाशी तुलना करता. पिकत आलेलं पान गरम दिसणारच. त्यात वाणाचा गुण नाही, वयाचा आहे. शिवाय निसवल्यावर वरून काढलेल्या फोटोत पानांऐवजी लोंब्याच जास्त येतात, आणि लोंबीला पानासारखी रंध्रं नसतात.

यावर उपाय आहे: पेरणी टप्प्याटप्प्याने करून सगळे वाण एकाच सुमाराला निसवतील असं बघायचं, किंवा तुलना फक्त एका गटाच्या आतच करायची. पहिला उपाय कागदावर सोपा आहे. पण रोपं राबावर वाढतात आणि आवणीला खाचरात पाणी लागतं. पाऊस तुमच्या वेळापत्रकाने येत नाही. म्हणून दुसरा उपाय जास्त प्रामाणिक वाटतो.

मग वाण पूर्वेकडे, नारायणगावच्या बाजूला ओलिताखाली लावून मोजले तर? हवा कोरडी, ऊन भरपूर, पट्टी लांब. मोजमाप उत्तम होईल. पण ते मोजमाप त्या हवेतलं असेल. पश्चिमेच्या खाचरात क्रमवारी तीच राहते का, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो प्रबंधात प्रश्न म्हणूनच लिहावा लागतो.

आंबेमोहर विरुद्ध इंद्रायणी: न्याय कसा करणार?

पुणे जिल्ह्यात ही तुलना करायचा मोह होणारच. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला वाण, आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून. म्हणजे एका बाजूला सुवासिक, उंच देशी आई-बाप आणि दुसऱ्या बाजूला 1966 मध्ये आलेला बुटका, खताला साथ देणारा वाण. आता आंबेमोहर आणि इंद्रायणी शेजारी लावून थर्मल फोटो काढा. समजा, इंद्रायणी थंड दिसला. कशामुळे?

उंची वेगळी आहे. उंच पिकात वारा जास्त खेळतो, त्यामुळे त्याचं तापमान हवेच्या तापमानाकडे ओढलं जातं. पानांचा कल वेगळा असेल, तर उभं पान भर दुपारी कमी ऊन घेतं आणि रंध्रं तेवढीच उघडी असूनही थंड राहतं. खत वेगळं पडतं: आंबेमोहराला जास्त नत्र दिलं तर तो लोळतो, म्हणून शेतकरी हात आखडता घेतो, आणि पानातलं नत्र कमी म्हणजे रुबिस्को कमी. दोघांना सारखंच भरपूर नत्र दिलं तर आंबेमोहर आडवा, सारखंच कमी दिलं तर इंद्रायणी उपाशी. प्रयोगात नत्राच्या दोन तरी मात्रा ठेवल्याशिवाय ही तुलना बोलतच नाही.

आणि एक सांख्यिकी सापळा. समजा, तुम्ही पाच देशी आणि पाच सुधारित वाण घेतले. सुधारित सगळे थंड आणि जास्त प्रकाशसंश्लेषण करणारे, देशी सगळे गरम आणि कमी करणारे निघाले. आलेखावर दहा ठिपके काढले तर सुरेख तिरकी रेषा येईल आणि सहसंबंध झकास दिसेल. पण नीट बघा, ते ठिपक्यांचे दोन पुंजके आहेत. प्रत्येक पुंजक्याच्या आत तापमान आणि प्रकाशसंश्लेषण यांचं काही नातं आहे का? नसेल, तर तुमच्या कॅमेऱ्याने फक्त ‘हा देशी, हा सुधारित’ एवढंच ओळखलं. ते तर बांधावरच्या आजीबाई कॅमेऱ्याशिवाय सांगतील.

दुसरं, 320 गुणिले 240 च्या चित्रात 76,800 पिक्सेल असतात. हे 76,800 नमुने नव्हेत. तुमचा नमुना म्हणजे वाण आणि त्याची वेगवेगळ्या खाचरांतली पुनरावृत्ती. शिवाय साधारण 25 अंशांच्या दृश्यकोनाच्या कॅमेऱ्याने 5 मीटरवरून फोटो काढला, तर एक पिक्सेल सुमारे 7 मिलिमीटरचा होतो. भाताचं पान साधारण सेंटीमीटरभर रुंद. म्हणजे बरेच पिक्सेल अर्धे पानाचे आणि अर्धे मागच्या पाण्याचे. विरळ फुटवे असलेल्या वाणात खाचरातलं पाणी जास्त डोकावतं आणि त्याचं तापमान पानाच्या नावावर जमा होतं.

मग पटण्यासारखा अभ्यास कसा असेल?

मी परीक्षक असते तर मला पुढच्या गोष्टी बघायला आवडल्या असत्या.

तापमानासोबत काही पानांवर आयआरजीएने प्रकाशसंश्लेषण आणि रंध्र-वाहकता दोन्ही मोजलेली असावीत. सगळ्या पानांवर नको, पण प्रत्येक वाणाच्या काही पानांवर हवीतच, आणि तीही कॅमेऱ्याच्या वेळेलाच. मग तापमानाचं वाहकतेशी नातं वेगळं दाखवा आणि प्रकाशसंश्लेषणाशी वेगळं. पहिलं घट्ट आणि दुसरं सैल निघालं, तर ते लपवू नका. तोच तुमचा निष्कर्ष आहे.

प्रत्येक फोटोच्या चौकटीत तोच एक तुलनेचा वाण असावा. ढग सरकला की पातळ पानाचं तापमान काही सेकंदांत बदलतं, रंध्रांना मात्र मिनिटं लागतात. पहिल्या खाचरापासून चाळिसाव्या खाचरापर्यंत जाईस्तोवर हवा बदललेली असते. तुलनेचा वाण सोबत असेल, तर प्रत्येक चित्रात आपल्याला फरक मिळतो. खाचरांचा क्रमही दर वेळी चिठ्ठ्या टाकून बदला.

खाचरांची मांडणी उताराप्रमाणे करा. वरचं खाचर आधी सुकतं, खालच्यात पाणी झिरपत राहतं. एक वाण वर आणि दुसरा खाली असेल, तर तुम्ही वाण मोजत नाही, डोंगर मोजता. प्रत्येक पातळीवर सगळे वाण हवेत.

करपा किंवा कडा करपा पडलेली पानं वेगळी नोंदवा. आणि ओल्या-कोरड्या संदर्भ-पानांतलं अंतर प्रत्येक फेरीला लिहा. माझ्या मते हे अंतर 3 अंशांपेक्षा कमी असेल, तर त्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि तसं वहीत लिहावं. असे वाया गेलेले दिवस प्रबंधात छापा. पुढच्या विद्यार्थ्याला तीच सगळ्यात उपयोगी माहिती असेल.

चुकीच्या क्रमवारीची किंमत

एवढी काटेकोर चर्चा कशासाठी? समजा चुकलं काही, प्रबंध तर मंजूर होईल! पण वाणांची क्रमवारी ग्रंथालयात पडून राहत नाही. ‘अमुक देशी वाणाची प्रकाशसंश्लेषण क्षमता कमी’ असं एकदा छापून आलं, की ते वाक्य पुढे बियाण्याच्या शिफारशीत, गावातल्या बैठकीत, एखाद्या योजनेच्या टिपणात पोहोचू शकतं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला ज्यांचं वर्षाचं एकच पीक आहे, त्यांनी त्या वाक्यावर विसंबून रायभोगाचं किंवा आंबेमोहराचं घरचं बी ठेवायचं थांबवलं, तर ते बी परत कुठून येणार?

त्यातही एक उलटा धोका आहे, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. थंड पान म्हणजे जास्त पाणी खर्च करणारं पान. मेक्सिकोतल्या ओलिताच्या गव्हाला ते परवडलं, कारण पुढचं पाणी येणार हे ठरलेलं होतं. डोंगरउतारावरच्या उथळ मातीच्या खाचरात पाऊस सप्टेंबरात लवकर उघडला आणि भात पोटरीत असेल, तर हाच ‘उत्तम’ थंड वाण मातीतली ओल आधी संपवू शकतो. रंध्रं जरा मिटून घेणारा, कॅमेऱ्यात गरम दिसणारा वाण कदाचित दाणा भरून जाईल. तुम्ही ज्याला दोष म्हणून नोंदवलं तोच तिथल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा गुण निघेल. चांगल्या पावसाच्या वर्षी याच्या उलटही होऊ शकतं. म्हणून एका हंगामाच्या फोटोंवरून ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्द वापरू नका. ‘या दिवशी, या हवेत, या अवस्थेत थंड’ एवढं म्हणा, आणि शेवटी दाण्याचं वजन सोबत द्या.

तर त्या शीर्षकाचं काय करायचं? मी ते असं बदलेन: ‘जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील भात वाणांमधील पर्णरंध्र-वाहकतेचा फरक: थर्मल इमेजिंगची उपयुक्तता व मर्यादा’. आकर्षण थोडं कमी झालं, पण आता प्रत्येक शब्दाला मोजमाप आहे. आणि ‘मर्यादा’ हा शब्द शोभेचा नाही. ओल्या हवेतल्या भातात हे तंत्र कुठवर चालतं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

कॅमेरा मिळण्याची वाट बघत बसू नका. तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा एक छोटा लॉगर घ्या, पावसापासून आडोसा करा आणि आवणीनंतर एखाद्या खाचराच्या बांधावर, मालकांना विचारून, भाताच्या शेंड्याच्या उंचीवर लावून ठेवा. सोबत साध्या वहीत रोज अकरा ते एक या वेळात ऊन होतं का आणि पानं कोरडी होती का, एवढंच लिहायला तिथल्या कोणाला तरी सांगा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. हंगामाअखेर मोजा: पान कोरडं, ऊन मोकळं आणि हवा पुरेशी कोरडी, असे किती तास मिळाले, आणि त्या तासांत कोणता वाण कोणत्या अवस्थेत होता? तो आकडा हातात आला की प्रस्ताव लिहायला बसा. चाळीस तास मिळाले तर कॅमेरा मागा. चार मिळाले तर प्रश्न बदला.